पालक गटात कायम तीच पंधरा-वीस माणसं. बाकीच्यांना सामील करून घ्यायला नेमकं काय करायचं?

मधली_सुट्टी

नमस्कार मंडळी. नव्या शैक्षणिक वर्षापासून शाळेच्या पालक गटाचं अध्यक्षपद माझ्याकडे येतंय. साधारण ३०० कुटुंबं आहेत. घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा चार-पाच, उत्पन्नात मोठी तफावत. काही मुलं एकाच पालकासोबत राहतात, काही आजी-आजोबांकडे. काही पालकांना ऐकण्याची किंवा चालण्याची अडचण आहे. मीटिंगला येणारे, कार्यकारिणीत बसणारे आणि ग्रुपवर बोलणारे मात्र ठरावीक, बहुतेक एकाच थरातले.

शाळेने ‘विविधता, समता आणि समावेशकता यावर काहीतरी करा’ असं कळवलंय. कार्यकारिणीत दोन सूचना आल्या : एक ‘विविधता दिन’ आणि एक वेगळी उपसमिती. दोन्हींमुळे फार काही हलेल असं वाटत नाही. सुरुवात कुठून करायची? वर्गणीचं काय? इतक्या भाषांमध्ये मीटिंग चालवायची कशी? आणि ‘यात राजकारण कशाला आणता?’ म्हणणाऱ्या पालकांशी काय बोलायचं? घोषणा आणि पोस्टर नकोत, कामाचं सांगा.

---

पाटीपेन्सिल

विविधता दिन वाईट नाही, पण त्यात चार-सहा कुटुंबांना पोशाख घालून स्टेजवर उभं केलं जातं आणि दुसऱ्या दिवशी निर्णय घेणारी माणसं तीच राहतात. तो करायचाच तर वर्षाच्या शेवटी करा. आधी कोण येत नाही आणि का, एवढंच शोधा.

मीटिंगच्या हजेरीपत्रकात तीन रकाने वाढवा : मूल कोणत्या इयत्तेत, घरची भाषा, पहिल्यांदाच आलात का. नाव लिहिणं ऐच्छिक ठेवा. मुख्याध्यापकांकडून शाळेची फक्त एकूण आकडेवारी मागा (इयत्तेनुसार पट, घरच्या भाषा). यादी मागू नका. ती तुम्हाला मिळूही नये. दोन्ही शेजारी ठेवले की दोन मीटिंगांत चित्र दिसतं.

मग पाच-सहा प्रश्नांचं निनावी सर्वेक्षण. ‘तुमचा धर्म, जात, उत्पन्न काय’ असं विचारायचंच नाही. पालक गटाला त्या माहितीचा उपयोग शून्य, आणि ती फुटली तर नुकसान मोठं. अडथळे विचारा : कोणती वेळ जमते, कोणत्या भाषेत बोलायला सोपं जातं, लहान मूल सोबत असतं का, यायला-जायला अडचण आहे का, सूचना कशा मिळाल्या तर बऱ्या, आणि ‘मीटिंगला न येता गटासाठी काय करायला आवडेल’. हा शेवटचा प्रश्न गाळू नका.

इथे हमखास चुकतं ते असं : लिंक ग्रुपवर टाकतात, भरतात तेच पंधराजण, आणि निष्कर्ष निघतो की सगळं छान चाललंय. म्हणून तीन वाटा ठेवा. लिंक, दप्तरातून जाणारा कागद आणि शाळा सुटताना फाटकापाशी दोन मिनिटांत तोंडी. तोंडी विचारणारी व्यक्ती त्या भाषेत बोलणारी हवी. निकाल जाहीर करताना ज्या गटात पाचपेक्षा कमी उत्तरं आहेत तो वेगळा दाखवू नका. ‘अमुक भाषा, दुसरी इयत्ता, १ कुटुंब’ असं छापलं की निनावीपण संपलं. निकालासोबत एक तरी बदल जाहीर करा, आणि तो महिन्याभरात. नाहीतर पुढच्या सर्वेक्षणाला कागद कोरे येतील.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या जॉइस एपस्टाइन यांनी पालक सहभागाचे सहा प्रकार मांडले आहेत : घरचं संगोपन, शाळेशी संवाद, स्वयंसेवा, घरी अभ्यासाला आधार, निर्णयात सहभाग आणि परिसराशी सहकार्य. बहुतेक पालक गट यातला एकच मोजतात, स्वयंसेवा, आणि तीही शाळेत येऊन केलेली. बाकी पाचांत राबणारा पालक मग ‘उदासीन’ ठरतो.

उपसमितीबद्दल : तिच्याकडे ना पैसा ना अधिकार असेल, तर मुख्य बैठकीतला प्रत्येक अवघड विषय ‘तिकडे पाठवा’ म्हणून टोलवला जातो. माझा विरोध आहे.

---

हिशेबनीस

वर्गणीवर सविस्तर लिहितो, कारण माणसं गळतात ती मुख्यतः इथे. आणि ती कधीच सांगत नाहीत की पैशामुळे येत नाही. सांगतात ‘वेळ नाही’.

वर्गणी कागदावर ‘ऐच्छिक’ असते. ती सक्तीची होते तीन गोष्टींमुळे : ग्रुपवर पडणारी ‘यांनी दिले’ ची यादी, वर्गावर्गांत लावलेली चढाओढ, आणि मुलाच्या हातून वर्गात गोळा केलेली रोकड. या तीन बंद केल्या की अर्धं काम झालं. देणगीदारांना ‘सुवर्ण’, ‘रौप्य’ वगैरे पदव्याही नकोत. वर्षातून एकदाच आवाहन करा, त्यात दर मुलामागे प्रत्यक्ष खर्च किती येतो ते लिहा, आणि पुढे ‘जमेल तेवढं, न जमल्यास काहीच नाही’ हे स्पष्ट शब्दांत. दर महिन्याला नवं आवाहन येत राहिलं तर आधी न देणाऱ्यांना, मग देणाऱ्यांनाही ग्रुप नकोसा होतो.

सवलतीसाठी वेगळा अर्ज ठेवू नका. सहल असो वा स्नेहसंमेलन, सगळ्यांना एकच फॉर्म, त्यात चार चौकोन : पूर्ण रक्कम भरतो, काही भाग भरतो, या वेळी भरत नाही, आणखी एका मुलाची भरतो. कारण विचारायचं नाही, दाखला मागायचा नाही. फॉर्म खजिनदार आणि आणखी एक व्यक्ती, एवढ्यांनीच पाहायचे. ती दुसरी व्यक्ती वर्गशिक्षक नसलेली बरी. पावतीवर नावाऐवजी क्रमांक.

‘मग सगळेच फुकट मागतील’ ही शंका येणारच. तिचं उत्तर अंदाजपत्रकात आधीच द्यायचं. समजा ४० मुलांची सहल, दर मुलामागे खर्च १००. एकूण ४,०००. सहाजण भरणार नाहीत असं धरून ३४ मध्ये भागा. पूर्ण रक्कम जवळपास ११८ होते. हा फरक सामान्य निधीतून भरला तर ती १०० च राहील. दोन्हींपैकी काय करायचं ते वर्षाच्या सुरुवातीला ठरवून इतिवृत्तात नोंदवा, म्हणजे प्रत्येक कार्यक्रमाला वाद नको. पहिल्या कार्यक्रमानंतर खरा आकडा कळतो, त्यानुसार सहाचे चार किंवा आठ करा. आणि शाळेच्या वेळेत होणारा कुठलाही उपक्रम पैसे न भरल्यामुळे एकाही मुलाला चुकता कामा नये. तसं होणार असेल तर तो उपक्रम परवडत नाही असं समजून छोटा करा.

आता न दिसणारे खर्च. नृत्यासाठी ठरावीक रंगाचा नवा पोशाख, शिक्षकांना भेट, प्रकल्पाचं साहित्य, वाढदिवसाचं वाटप. वर्षभराची बेरीज बऱ्याचदा वर्गणीहून जास्त भरते. पोशाख घरात असेल त्यातूनच, किंवा गटाच्या पेटीतून. ही पेटी दरवर्षी थोडी थोडी भरते, फक्त मापांची चिठ्ठी लावून ठेवा, नाहीतर तिसऱ्या वर्षी तिची अडगळ होते. शिक्षकांच्या भेटकार्डावर वर्गातल्या प्रत्येक मुलाचं नाव, पैसे कुणी दिले याचा संबंध नाही. जास्त कूपनं विकणाऱ्या मुलाला बक्षीस हा प्रकार तर बंदच करा. त्यात जिंकतं ते मूल नसतं, त्याच्या नातेवाइकांचा खिसा जिंकतो.

आणखी एक, जे क्वचित कुणी पाहतं : ‘तुम्ही साहित्य आणा, बिल द्या, पैसे नंतर मिळतील.’ याचा अर्थ खिशात मोकळे पैसे असलेलाच स्वयंसेवक होऊ शकतो. आधी उचल द्या, आठ दिवसांत बिलं घ्या. उचल देताना दोन सह्या आणि वरची मर्यादा ठरलेली हवी.

---

दुभाषी

भाषेचं आणि मीटिंगचं मी सांगते.

मुलांना दुभाषी करू नका. शाळेतलं कितीही हुशार मूल असो. विषय त्याच्याच वर्तणुकीचा किंवा घरातल्या अडचणीचा निघाला की ते गाळतं, सौम्य करतं, आणि घरातल्या मोठ्यांचं ओझं त्याच्यावर येतं. शेजारच्या ताई चालतील, पण सूचनांपुरत्याच. तक्रार, आरोग्य, पैसा यासाठी नाही.

बोलणाऱ्याने थांबायचं आणि दुभाष्याने सांगायचं, या पद्धतीत वेळ जवळपास दुप्पट लागतो. म्हणजे ६० मिनिटांच्या मीटिंगमध्ये मजकूर ३० मिनिटांचाच मावतो. अजेंड्यावर आठ विषय ठेवले की पाचव्या विषयापासून अध्यक्ष घाई करतात, पहिल्यांदा कापलं जातं ते भाषांतर, आणि ते पालक पुढच्या वेळी येत नाहीत. तीनच विषय ठेवा. शेजारी बसून कुजबुजत सांगण्याची पद्धत दोन-तीन ऐकणाऱ्यांपुरतीच चालते. सलग सांगायचं असेल तर दोन दुभाषी हवेत, दर २०-३० मिनिटांनी आलटून पालटून. एकटा दुभाषी अर्ध्या तासानंतर थकतो आणि सारांश सांगू लागतो. कागदपत्रं त्यांना तीन-चार दिवस आधी द्या.

त्या पालकांना मागच्या कोपऱ्यात एकत्र बसवू नका. कधीतरी उलट करून पाहा : मीटिंग अल्पसंख्य भाषेत चालवा आणि बाकीच्यांसाठी भाषांतर ठेवा. अर्ध्या तासात सगळ्यांना कळतं की भाषांतर ऐकत निर्णय घेणं म्हणजे काय.

यंत्राचं भाषांतर ‘शनिवारी शाळा सकाळी ८ ला’ एवढ्यासाठी ठीक. संमतीपत्र, औषधं, तक्रार यांना ते नको. सगळ्यात जास्त गफलत नकारात आणि ‘करावं लागेल’ व ‘करता येईल’ यांत होते. मूळ सूचनाच नीट लिहा : छोटी वाक्यं, तारखेसोबत वार, संक्षेप नाहीत, म्हणी नाहीत, एका निरोपात एकच काम. मग त्या भाषेच्या एका माणसाला वाचायला द्या.

सूचनेचा फोटो टाकणं थांबवा! सजवलेलं चित्र दृष्टिहीन पालकाच्या फोनमधला स्क्रीन रीडर (मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय) बहुधा धड वाचू शकत नाही, आणि ज्याला भाषांतर हवं त्याला मजकूर कॉपीही करता येत नाही. साधा मजकूर टाका. वाचायची सवय नसलेल्यांसाठी त्याच भाषेत मिनिटभराचा आवाजी निरोप. चित्र हवंच असेल तर सोबत मजकूरही. अक्षरं आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ : १ एवढा कॉन्ट्रास्ट (फिकट-गडदपणातला फरक) हा वेबसाठीचा प्रचलित निकष आहे. पिवळ्यावर पांढरी अक्षरं त्यात नापास होतात.

माईक नेहमी वापरायचा. ‘माझा आवाज मोठा आहे’ हे चालत नाही, कारण श्रवणयंत्राला जोडलेली व्यवस्था किंवा फोनवर उमटणारी अक्षरं माईकमधलाच आवाज घेतात. श्रोत्यांतून आलेला प्रश्न अध्यक्षांनी माईकवर पुन्हा म्हणावा. तळमजल्याची खोली घ्या. उतार बारास एक, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीला १८० सेंटिमीटर लांब रॅम्प. फळी टाकून केलेला आखूड उतार व्हीलचेअरला धोक्याचा. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारात वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव मानला आहे. तेव्हा ही मेहेरबानी म्हणून मांडू नका.

---

मधली_सुट्टी

मनापासून आभार. दोन अडचणी. पाच भाषांचे दुभाषी प्रत्येक वेळी मिळणं शक्य नाही. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरचं भांडण, तसंच कार्यकारिणीत नवी माणसं यायला तयार नसणं, यावर काही?

---

चौथा_तास

ग्रुपचे दोन भाग करा. एक फक्त सूचनांचा, जिथे ॲडमिनच लिहितील. दुसरा गप्पांचा, ऐच्छिक. नियम एकच : ज्यावर पालकाला काही करावं लागणार आहे ते सूचनांच्या ग्रुपवर आलंच पाहिजे. गप्पांत ठरलेलं ‘ठरलं’ मानायचं नाही. दोनशे निरोप वाचायला ज्यांना वेळ नाही त्यांच्यावरचा अन्याय एवढ्याने थांबतो.

साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. मुलाच्या ताब्यावरून वाद चालू असलेल्या किंवा घरातल्या हिंसेपासून दूर राहणाऱ्या पालकाला ते परवडत नाही. व्हॉट्सॲपच्या कम्युनिटीतल्या घोषणा-ग्रुपमध्ये इतर सदस्यांना नंबर दिसत नाहीत, फक्त ॲडमिनला दिसतात. तो वापरा. ज्यांना तेही नको किंवा ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांना एसएमएस किंवा कागद, त्याच दिवशी.

धार्मिक-राजकीय फॉरवर्ड बंद असतील तर बहुसंख्यांच्या सणांच्या शुभेच्छांनाही तोच नियम. इथे ॲडमिनची परीक्षा असते. एकाला सूट मिळाली की नियम मेला. मुलाचं नाव घेऊन तक्रार आली तर ॲडमिनने लगेच काढायची आणि लिहायचं, ‘यावर इथे नको, मी आज फोन करतो’. आणि खरंच करायचा.

फॉर्मवर ‘आईचं नाव, वडिलांचं नाव’ ऐवजी ‘पालक १, पालक २ (असल्यास), मुलाशी नातं’. आजीला दरवेळी ‘आई’ खोडून लिहावं लागू नये. निरोपाची सुरुवात ‘सर्व मातांना विनंती’ अशी करून वडील मदतीला येत नाहीत म्हणून कुरकुरणंही थांबवा.

कार्यकारिणीत माणसं येत नाहीत, कारण कामाचा आकारच माहीत नसतो. प्रत्येक पदाचं काम अर्ध्या पानात लिहा : महिन्याला किती तास, त्यातले शाळेत किती, फोनवर किती. पदं दोघांत वाटून द्या. मुदत दोन वर्षं, सलग दोनदाच. नावं स्वतःहून मागितली तर सवयीचे लोकच हात वर करतात, म्हणून सर्वेक्षणात ‘काय करायला आवडेल’ ला उत्तर देणाऱ्यांना प्रत्यक्ष विचारा, आधी दोन तासांच्या कामासाठी, मग पदासाठी. एखाद्या समाजातली एकच व्यक्ती घेऊन तिला ‘तुमच्या लोकांचं काय म्हणणं?’ विचारत राहू नका. दोघे तरी हवेत, आणि त्यांना खर्चाचं किंवा क्रीडादिनाचं कामही द्या.

उपसमितीबाबत पाटीपेन्सिल यांच्याशी पूर्ण सहमत नाही. एक वर्षाची मुदत, स्वतःची रक्कम आणि प्रत्येक बैठकीत एक विषय मांडण्याचा हक्क, या तीन अटींवर ती कामाची ठरते. मुदत संपली की बरखास्त. अटी मान्य नसतील तर नकोच.

---

जुनी_वही

‘राजकारण कशाला’ बद्दल. हा प्रश्न पालक गटांइतकाच जुना आहे. अमेरिकेतली आजची राष्ट्रीय पालक-शिक्षक संघटना १८९७ मध्ये सुरू झाली ती ‘मातांची राष्ट्रीय काँग्रेस’ म्हणून. नावात वडील आणि शिक्षक नंतर आले. शाळा वंशानुसार वेगळ्या असल्याने कृष्णवर्णीय पालकांची वेगळी राष्ट्रीय संघटना सेलेना स्लोन बटलर यांनी १९२६ मध्ये उभी केली, आणि दोन्ही एकत्र व्हायला १९७० उजाडलं. गटात कोण असणार हे कुणीतरी ठरवतच असतं. फक्त ते ठरवणं बोलून दाखवलं की त्याला राजकारण म्हणतात.

१९८९ च्या बालहक्क करारातलं कलम २ वाचून ठेवा. मुलाच्याच नव्हे, तर त्याच्या आई-वडिलांच्या किंवा पालकांच्या वंश, भाषा, धर्म, संपत्ती, अपंगत्व अशा कारणांवरूनही मुलाशी भेदभाव होता कामा नये, असं ते म्हणतं. पालक गटाला याहून नेमका आधार सापडणार नाही.

पण मीटिंगमध्ये कलमं वाचू नका. आक्षेप कशाचा आहे ते आधी ओळखा. काहींना मोठमोठ्या शब्दांचा कंटाळा असतो. त्यांच्यासमोर ‘समावेशकता धोरण’ ऐवजी ‘मीटिंग एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी’ हा ठराव ठेवा, विरोध उरत नाही. काहींना भीती असते की आपले कार्यक्रम, आपली सवयीची जागा जाईल. त्यांना खोटा दिलासा नको. मीटिंग संथ होईल, स्नेहसंमेलन साधं होईल, काही कामं नवख्यांच्या हातून सुरुवातीला कच्ची होतील, हे आधीच सांगा. काहींचा आक्षेप श्रद्धेतून येतो. त्यांना मत बदलायला सांगू नका, गटातल्या वागण्याचा नियम सांगा, तोही सगळ्यांना सारखा.

एक गोष्ट मतदानाला टाकायची नाही : अमुक प्रकारच्या कुटुंबाला गटात जागा आहे की नाही. वेळ, रक्कम, कार्यक्रम यावर मतदान करा. आणि निर्णय त्याच खोलीत, त्याच तासात संपवू नका. ठराव सूचनांच्या ग्रुपवर टाकून ७२ तास लेखी किंवा फोनवरून मत घ्या. रात्रपाळीवाला, दुसऱ्या भाषेतला, आजारी माणूस, सगळे त्यात येतात, आणि ‘तुम्ही चौघांनी ठरवलं’ हा आरोपही टिकत नाही.

अपमानाच्या तक्रारीसाठी दोन नावं आधीच जाहीर करा, दोन वेगवेगळ्या पार्श्वभूमीची. पोच दोन दिवसांत, उत्तर चौदा दिवसांत, लेखी. तक्रार अध्यक्षांविरुद्ध असेल तर कुणाकडे जायचं तेही त्यातच.

---

दुभाषी

पाच भाषांचं : सगळ्या भाषा प्रत्येक मीटिंगला लागत नाहीत. आमंत्रण पाचही भाषांत एकेका ओळीचं पाठवा : ‘या भाषेत भाषांतर हवं असल्यास अमुक तारखेपर्यंत १ असं उत्तर पाठवा’, मुदत मीटिंगच्या पाच दिवस आधीची. ज्या भाषेचं उत्तर येईल तेवढाच दुभाषी बोलवा. पहिल्या दोन वेळी कुणीच उत्तर देणार नाही, कारण असं खरंच होतं यावर विश्वास नसतो. तेव्हा सर्वेक्षणात जास्त कुटुंबं दिसली त्या एका भाषेचा दुभाषी न मागताच ठेवा, आणि ते आमंत्रणात लिहा. उरलेल्या भाषांसाठी मीटिंगनंतर दोन दिवसांत तीन मुद्द्यांचा आवाजी निरोप, मतासाठीचे ७२ तास तो निरोप गेल्यापासून मोजायचे. दुभाषी पालकांपैकीच असेल तर त्याला त्या दिवशी मत मांडता येत नाही, म्हणून त्याचं मत वेगळं नोंदवून घ्या.